वहीतली अकरा मिनिटं

हेमलता मुळीक यांच्या उजव्या अंगठ्याने त्यांच्याशी वैर धरलं, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. एरवी अंगठा गुणी. पोळ्या लाटायचा, लसूण सोलायचा, सुईत दोरा ओवायचा. पण बोटांत पेन्सिल आली रे आली, की तो आत मुडपून तळव्याखाली दडी मारायचा आणि पेन्सिल टेबलावरून गडगडत जायची. डॉक्टर याला लेखनबाधा म्हणायचे. तीस वर्षं एकच हालचाल करून करून मेंदूतली तिची वाट भलतीकडे मळली, एवढाच त्याचा अर्थ. दुखत नव्हतं, सुजत नव्हतं, त्यामुळे कुणाला ते खरंही वाटत नव्हतं. ज्या बाईने मराठी लघुलेखनाची मिनिटाला एकशेवीस शब्दांची परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली होती, तिच्यावर सहीच्या जागी अंगठा उठवायची पाळी आली होती.

लघुलेखन म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. दोन हजार त्रेचाळीस साली कुणीही तोंड उघडलं की यंत्र ऐकतं आणि छापून हातात देतं. बाईंच्या काळी माणसं बोलायची आणि माणसंच लिहून घ्यायची. जाड रेघ, बारीक रेघ, गळासारखा आकडा, ठिपका. तोच आकडा ओळीच्या वर काढला तर एक शब्द, ओळीखाली काढला तर दुसरा. हे झालं पुस्तकातलं. वर्षं सरतात तसा प्रत्येक लघुलेखक आपापले संक्षेप पाडतो, आणि मग त्याची वही त्याच्याशिवाय कुणालाच धड लागत नाही. साक्षीदारांच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारं वाक्य म्हणजे 'मला आठवत नाही'. बाईंनी ते एक ठिपका आणि अर्ध्या वेटोळ्यात बसवलं होतं. जे वाक्य दिवसातून साठदा ऐकायचं, त्याच्यावर जास्त शिसं कोण खर्च करणार?

दिवाळीच्या आधी दहा दिवस स्नेहल लोहार त्यांच्या सांगलीच्या घरी आली. अठ्ठावीस वर्षांची, शाळेत शिकवणारी मुलगी. चौदा वर्षांपूर्वी शिंदवण्याच्या रंगाच्या कारखान्यात टाकी साफ करायला उतरलेले नऊ कामगार वायूने गुदमरून गेले, त्यांत तिचे वडील होते. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने अहवालात लिहिलं, की कामगार परवानगीवाचून टाकीत उतरले, चूक त्यांचीच. त्या आयोगाच्या लघुलेखिका हेमलताबाई होत्या. खरं तर तेव्हाही ध्वनिमुद्रण यंत्रच करायचं आणि छापील नोंद त्यावरूनच व्हायची. यंत्र बिघडलं तर हाताशी असावी म्हणून बाईंची वही, आणि रोज संध्याकाळी ती लाखेने सीलबंद होऊन फडताळात जायची. बाईंनी स्वतःसुद्धा त्या वह्या पुन्हा उघडून वाचल्या नव्हत्या.

आता स्नेहलच्या अर्जावरून कोल्हापूरच्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडलं होतं. शेवटच्या दिवसाच्या छापील नोंदीत अकरा मिनिटांची फट होती. तिथे नुसतं लिहिलं होतं, 'ध्वनिमुद्रण थांबवले.' पुराच्या पाण्यात गेल्या असं ज्यांच्याबद्दल सगळे समजत होते, त्या वह्या एका गोदामात सापडल्या होत्या. न्यायालयाने त्या सीलबंदच ताब्यात घेतल्या.

"काकू, यंत्र बंद केलं हुतं," स्नेहल म्हणाली. "तुमचा हात चालू हुता का?"

बाई म्हणाल्या, मला आठवत नाही, आणि आपल्याच तोंडून ते वाक्य ऐकून त्यांना हसू आलं. पण हात चालू असणार याची त्यांना खात्री होती. त्यांचा हात कधी थांबतच नसे. कानातून आलेलं सरळ बोटांत उतरायचं, वाटेत डोक्याला विचारायचं नाही, अशी त्याची रीत. म्हणून तर काय लिहिलं ते त्यांच्या लक्षात राहत नसे.

"बाबांच्या नावापुढं सरकारनं 'स्वतःच्या चुकीनं' असं लिवलंय. आई तो कागद देव्हाऱ्याच्या मागं ठेवती. तुम्ही वाचून दावशीला न्हवं?"

"माझी वही आहे. मी नाही तर कोण वाचणार?" बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द दिला.

ही बातमी त्यांनी सगळ्यात आधी सांगितली ती भाऊला. श्रीरंग नाडगौडा हे त्या आयोगाचे सचिव. पुढे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, पुण्यात बंगला बांधला. बाईंना पाठचा भाऊ नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आयोगाच्या शेवटच्या दिवशी चहाच्या वेळेला नाडगौडासाहेब आपण होऊन त्यांना म्हणाले होते, की मला सख्खी बहीण नाही, तुम्ही मला बहिणीच्या ठिकाणी आहात. एवढा मोठा अधिकारी, आणि ध्यानीमनी नसताना असं बोलला. ही गोष्ट बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि दर वेळी सांगताना त्यांचा आवाज थोडा ओला होई. त्या वर्षीपासून एकही भाऊबीज त्यांनी चुकवली नव्हती. नाडगौडासाहेबांचे 'भाऊ' झाले आणि मुळीकबाईंच्या 'हेमाताई'.

फोनवर वही सापडल्याचं ऐकून भाऊंनी आधी विचारलं, कुठे सापडली, आता कुणाकडे आहे. मग म्हणाले, बरं झालं. आणि मग, "ताई, पण अंगठ्याचं काय? न्यायाधीश म्हणतील, ही अक्षरं तुमचीच कशावरून, चार ओळी समोर लिहून दाखवा. तेव्हा पेन्सिल पडली तर?"

हे बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. माणूस आपला किती विचार करतो, असं त्यांना वाटलं.

भाऊबिजेला भाऊ आले. बाईंनी पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. भाऊंनी तबकात पाकीट ठेवलं. आत मिरजेच्या एका मेंदूविकार केंद्राची वेळ ठरवल्याचं पत्र होतं, सगळं आगाऊ भरून. "यंदा साडी नाही, ताई. यंदा तुमचा अंगठा तुम्हाला परत देतो," ते म्हणाले. बाईंनी पदराने डोळे टिपले.

त्या केंद्रातल्या डॉक्टर मृण्मयी कोरगावकर चाळिशीच्या, चटपटीत, आणि समजावून सांगण्याची हौस असलेल्या. मेंदूतल्या तारांवर चरबीचं वेष्टन असतं, त्या म्हणाल्या. मायलिन त्याचं नाव. जी हालचाल आपण पुन्हापुन्हा करतो तिच्या तारांवर ते नीट, घट्ट चढत जातं, म्हणजे संदेश झपाट्याने धावतो. सवय म्हणतात ती बऱ्याच अंशी हीच. लहान मुलाच्या तारा बऱ्याचशा उघड्या असतात, म्हणून ते भराभरा शिकतं. मोठ्यांच्या झाकलेल्या असतात, म्हणून ते शिकलेलं विसरत नाहीत आणि नवीन शिकायला कुरकुरतात. या वेष्टनात स्फिंगोलिपिड नावाच्या चरबीचा मोठा वाटा असतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्याने ती मेंदूत पहिल्यांदा शोधली त्याला तिचा उलगडाच होईना, म्हणून कोडी घालणाऱ्या ग्रीक स्फिंक्सचं नाव त्याने तिला देऊन टाकलं.

"आणि ही चरबी कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, आपल्या प्रत्येक पेशीत असतात," डॉक्टर सांगत होत्या. "स्फिंगोमायलिनेज हे त्यातलं एक. पेशीतली भंगारवाली म्हणा. जुनी चरबी तोडायची, तुकडे परत वापरायला द्यायचे. काही बाळांत जन्मतःच ही विकरं नसतात. मग चरबी साठत जाते, प्लीहा फुगते, मेंदू मंदावतो. त्या बाळांसाठी बाहेरून विकर देण्याची खटपट चालली होती, त्यातून हा शोध निघाला. पण काकू, हे खेळणं नाही. तुटलेल्या तुकड्यांतला एक पेशीला 'मर' म्हणतो आणि त्याच्यापासूनच झालेला दुसरा 'जग' म्हणतो. म्हणून मात्रा अगदी जपून."

त्यांनी बनवलेलं विकर असं होतं, की ते मेंदूभर पसरायचं पण काम करायचं फक्त त्या तारांवर, ज्यांतून त्या वेळी संदेश धावत असेल. इंजेक्शननंतर सहा तास. त्या सहा तासांत रुग्णाने जी सवय मोडायची तीच पुन्हापुन्हा करायची. जी वाट चालाल तिचं वेष्टन सैल होईल, बाकी सगळं जसंच्या तसं. पुढचे चाळीस दिवस त्या तारा लहान मुलासारख्या राहतात. तेवढ्यात नवी, सरळ सवय घालायची. मग वेष्टन पुन्हा चढतं आणि जे शिकलं ते पक्कं होतं. लोकांनी याला पाटी कोरी करणं असं नाव ठेवलं होतं. तोतरेपणा गेलेले होते, दारूकडे वळणारा हात थांबलेले होते. एक निवृत्त तबलजी चुकीची बसलेली बोटं सोडवून घेऊन पुन्हा वाजवायला लागला होता.

"तुम्ही फक्त पेन्सिल धरायची, रेघा आणि वाटोळी काढायची. अंगठ्याला त्रास होऊ दे. डोक्याला सुट्टी," डॉक्टर म्हणाल्या. गुंगीचं थोडं औषध देणार होते, म्हणून सोबत नात्यातलं कुणीतरी हवं होतं. अर्जातल्या 'नातं' या रकान्यासाठी बाईंनी सांगितलं, भाऊ. डॉक्टरांनी मग भाऊंना बाजूला नेऊन सोबतीच्या माणसासाठीच्या सूचना वाचून दाखवल्या आणि त्यांची सही घेतली.

सकाळी नऊला इंजेक्शन झालं. बाईंच्या डोक्यावर जाळीदार टोपी आली, समोर उतरतं टेबल. भाऊंनी पिशवीतून चहाचा थर्मास काढला आणि त्याच्याबरोबर एक जुन्या निकालपत्रांची फाइल आणि कोरी वही. "नुसत्या रेघा काय काढायच्या, ताई? कंटाळाल. होऊन जाऊ दे एकदा पूर्वीसारखं," ते म्हणाले, आणि मजकूर सांगायला लागले.

बाईंचा अंगठा मुडपत होता, पेन्सिल पडत होती, त्या उचलत होत्या, पुन्हा धरत होत्या. पण कान आणि बोटं यांची जुनी जोडी जमली होती. एक उतारा संपला की भाऊ म्हणत, "वाचून दाखवा," आणि त्या वाचून दाखवत. आयोगातही ते असंच म्हणायचे, मान थोडी तिरकी करून. हात लिहिण्यात गुंतला होता तो गुंतला होताच. वाचणं हे काम आहे, असं बाईंना उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. श्वास घेण्याला कुणी काम म्हणतं का? तासातासाला परिचारिका डोकावली की भाऊ फाइल मिटत आणि डोळे मिचकावत. "तिला वाटेल मी तुम्हाला दमवतोय." बाईंना या चोरटेपणाची गंमत वाटली. सहा वर्षांत त्या इतक्या सुखी नव्हत्या.

तीन वाजता टोपी निघाली. भाऊंनी वही मिटून पिशवीत टाकली. "आठवण म्हणून ठेवतो," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी बाईंनी पेन्सिल धरली आणि अंगठा जागच्या जागी राहिला. त्यांनी सही केली. मग वाण्याची यादी लिहिली: तूरडाळ, साबण, हिंग. मग पुन्हा सही केली, पानभर केली, आणि एकट्याच बसून पोटभर रडल्या. मग त्यांनी कपाटातून सरावाची जुनी वही काढली. न्यायालयात जाण्याआधी हात आणि नजर जरा घासून घ्यावी, एवढंच मनात होतं.

पानावर रेघा होत्या. आकडे होते, ठिपके होते. त्या आपल्या हाताच्या आहेत हे त्यांना कळत होतं. पण त्यांतला एकही बोलेना. बाईंनी चष्मा पुसला. दुसरं पान काढलं. छापील मराठी नेहमीसारखं वाचता येत होतं, कॅलेंडर वाचता येत होतं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा. फक्त तीस वर्षं ज्यांच्यावर पोट भरलं ती चिन्हं मुकी झाली होती.

घाबरून त्यांनी फोन केला तो भाऊलाच. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. वय झालं ताई, ते म्हणाले, औषधाचा परिणाम असेल, उतरेल किंवा नाही उतरणार. अंगठा तर सुटला ना? "न्यायालयाला सरळ सांगा, आता मला हे वाचता येत नाही. त्यात लाज कसली?" बाईंना जरा धीर आला. सांगायचं वाक्य तयार मिळालं की माणसाला धीर येतोच. पण फोन ठेवल्यावर स्नेहलचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिरजेची बस धरली.

डॉक्टर कोरगावकरांनी त्यांचं ऐकता ऐकता पडद्यावर त्या दिवसाची नोंद काढली. टोपीने सहाही तास मेंदूचा कोणता भाग जागा होता ते टिपलं होतं. हाताचा भाग उजळलेला होता, तो हवाच होता. पण डाव्या बाजूला, मागे, आणखी एक ठिपका पेटत होता. वीस मिनिटं पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा.

"हा वाचनाचा भाग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सगळे तुकडे मिळून पावणेचार तास. काकू, तुम्हाला वाचायला कुणी सांगितलं?"

बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांना अजून कळलं नव्हतं. उलट भाऊंची बाजूच घेत होत्या, की हौसेने केलं हो त्यांनी, त्यांना काय माहीत. डॉक्टरांनी उठून एक कागद आणला. सोबतीच्या माणसासाठी सूचना. तिसरी सूचना ठळक अक्षरांत होती: 'रुग्णाने लिहिलेले त्याच्याकडून वाचून घेऊ नये. वाचनाची क्षमता कायमची जाऊ शकते.' तिच्यासमोर वेगळी सही घेतलेली होती. श्रीरंग नाडगौडा. ती सही बाईंनी आयोगाच्या हजारो कागदांवर पाहिली होती.

"परिचारिका आली की हा ठिपका विझतो, बघा," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दर वेळी विझतो."

मिचकावलेले डोळे बाईंना आठवले. थर्मासचा चहा आठवला, आठवण म्हणून पिशवीत गेलेली वही आठवली, तबकातलं पाकीट आठवलं. 'त्यात लाज कसली' हेही आठवलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या साक्षींत लिहून घेतलं होतं, लांबलचक आहे म्हणून त्याचाही संक्षेप केला होता. आता ते स्वतःच्या गळ्याशी लागलं. त्यांनी न्यायालयात खोटं बोलावं असं भाऊंनी एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच वाचता येऊ नये, एवढीच व्यवस्था केली होती. त्या वहीत काय आहे हे बाईंना माहीत नव्हतं, पण ते कुणाच्या अंगाशी येणार आहे हे आता कळलं. बाईंना संताप यायला हवा होता. आला नाही. नुसतं आतून कुणीतरी सगळं सामान उचलून नेल्यासारखं वाटत राहिलं.

त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी वाचलं ते आता ऐकू येईल का?"

येणार होतं. मेंदूची नोंद कशाशी जुळवायची म्हणून खोलीतला आवाज टिपला जायचा, हे रुग्णाच्या अर्जात लिहिलेलं होतं. आणि आणखीही एक गोष्ट होती, जी भाऊंना ठाऊक नव्हती. वही ज्या टेबलावर ठेवली होती ते टेबल नुसतं टेबल नव्हतं. पेन्सिलीचा प्रत्येक दाब त्याने टिपला होता. कुठे जाड, कुठे बारीक, ओळीच्या वर की खाली. वही पुण्याला गेली होती, पण तिचं पानन् पान इथे होतं.

डॉक्टरांनी दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावलं. एका बाजूला त्यांच्या हाताचं लघुलेखन, त्यांच्या खास संक्षेपांसकट. दुसऱ्या बाजूला तेच त्यांच्या तोंडून वाचलेलं, शब्दन् शब्द. पावणेचार तासांचं. लहान मुलाला अंकलिपी देतात तशी ही त्यांची अंकलिपी होती. आणि चाळीस दिवसांतले पाचच गेले होते.

"जमेल का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या तारा आत्ता पाच वर्षांच्या मुलीच्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण रोज ऐकावं लागेल. त्यांचाही आवाज."

ते सगळ्यात कठीण होतं. सकाळी देवाला दिवा लावून बाई कानाला यंत्र लावायच्या, की भाऊंचा तो मऊ, समजूतदार आवाज सुरू व्हायचा. 'ताई, घ्या लिहून.' 'ताई, चहा घेता का?' 'वाचून दाखवा.' कधी कधी त्या यंत्र काढून मोरीत जाऊन तोंड धुऊन यायच्या. मग पुन्हा बसायच्या, पानावर बोट ठेवून, चिन्ह बघून, आपलाच आवाज ऐकून. सातव्या दिवशी पहिलं चिन्ह बोललं. एक ठिपका आणि अर्धं वेटोळं. मला आठवत नाही. बाई मोठ्याने हसल्या. शेजारीण डोकावून गेली. त्यानंतर रोज पाच-दहा चिन्हं येत गेली.

दर रविवारी भाऊंचा फोन यायचा. काही वाचता येतंय का, असं ते काळजीने विचारायचे. बाई म्हणायच्या, नाही हो भाऊ. त्या माणसाशी त्या प्रथमच खोटं बोलत होत्या, आणि ते त्यांना फार सोपं गेलं याचंच त्यांना वाईट वाटलं.

त्रेचाळिसाव्या दिवशी सुनावणी होती. न्यायालयात फार गर्दी नव्हती. स्नेहल आईला घेऊन आली होती. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो देव्हाऱ्यामागचा कागद होता. आयोगाचे माजी सचिव म्हणून भाऊंनाही बोलावलं होतं. पांढरा शर्ट, हातात चष्म्याची डबी. बाईंना बघून ते उठले आणि त्यांच्यासाठी खुर्ची सरकवून दिली. बाई बसल्या नाहीत.

न्यायाधीशांनी लाखेचं सील फोडलं. वही बाईंपुढे आली. वाचता येईल का, त्यांनी विचारलं.

"येईल," बाई म्हणाल्या. "सावकाश."

भाऊंच्या हातातली डबी खाली पडली.

कारखान्याचे वकील लगेच उठले. बाईंनी उपचार घेतल्याची आणि त्यात वाचन गेल्याची माहिती त्यांना होती; कुठून मिळाली ते त्यांनी सांगितलं नाही. चाळीस दिवसांत नव्याने शिकलेली लिपी ग्राह्य कशी धरायची, असा त्यांचा मुद्दा. बाईंनी मग सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, विशेषणं न लावता. केंद्राने दिलेली पानं आणि ध्वनिमुद्रण न्यायालयापुढे होतंच. या पानांवरचा मजकूर तोच, जो सांगणाऱ्याने सांगितला. म्हणजे चिन्हांची ही किल्ली खरी की खोटी हे सांगणाराच सांगू शकतो, एवढं त्या म्हणाल्या. न्यायाधीशांनी ध्वनिमुद्रणाचा थोडा भाग ऐकला आणि भाऊंकडे वळून विचारलं, की हा आवाज तुमचा आहे का.

भाऊंनी बाईंकडे बघितलं नाही. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी सूचनांचा कागद पुढे केला. तिसरी ओळ, तिच्यासमोरची सही. न्यायाधीशांनी त्या सहीवर बोट ठेवलं. सही बघून भाऊ म्हणाले, "आहे. माझाच आहे."

मग बाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिलीतलं पोर वाचतं तसं, एकेका चिन्हाखाली बोट धरून. आवाज सपाट, लघुलेखकाचा. बोलणारा कुणीही असो, वाचणाऱ्याने आपलं काही मिसळायचं नसतं.

"व्यवस्थापक: तो वायुमापकाचा अहवाल येणार आहे का पुढे? सचिव: फाइलमध्ये असेल तर येईल ना. मी काढून ठेवलाय. व्यवस्थापक: आमच्याकडे आलेली प्रत? सचिव: जाळून टाका. वायुमापक बंद आहे हे तुम्हाला नऊ दिवस आधी कळवलं होतं, आणि तरीही तुम्ही माणसं उतरवलीत, हे न्यायमूर्तींना दिसता कामा नये. व्यवस्थापक: परवानगीचं रजिस्टर? सचिव: कामगार विनापरवाना उतरले, असंच येईल अहवालात."

मागच्या बाकावरून स्नेहलच्या आईचा हुंदका आला. स्नेहलने तिचा हात धरला. कारखान्याचे वकील काही लिहून घेत होते, म्हणजे लिहिल्यासारखं करत होते. बाईंचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. पान संपत आलं होतं, तीनच ओळी राहिल्या होत्या. पहिलं चिन्ह त्यांनी ओळखलं, दुसरं ओळखलं, आणि त्यांचं बोट तिथेच राहिलं.

"पुढे?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाईंनी वाचलं. आवाज तसाच सपाट ठेवला.

"सचिव: मुळीकबाई, तुम्ही हे लिहिताय की काय? हे लिहू नका. मला सख्खी बहीण नाही. तुम्ही मला बहिणीच्या ठिकाणी आहात."

भाऊंनी चेहरा ओंजळीत घेतला होता.

"आणखी काही आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाईंनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "इथे माझा हात थांबला होता."